ब्रायटनच्या समुद्राला एक नारळ

मी विलायतेत सहा महिने राहून आले. त्यांतले पहिले तीन मी घाबरण्यात घालवले आणि उरलेले तीन, घाबरलेय हे कुणाला कळू नये म्हणून धडपडण्यात. त्यामुळे या वर्णनात राजवाडे कमी आणि छातीतली धडधड जास्त आहे. ज्यांना राजवाडे हवेत त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. तिकडे जाऊन आलेले पुष्कळ आहेत आणि राजवाडे सगळ्यांनी पाहिलेत.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. कडावची मुलगी, कर्जतला दिलेली. घाट चढण्यासाठी कर्जत स्टेशनावर गाडीला मागून जादा इंजिन जोडतात ते पाहिलेली, नेरळहून छोट्या गाडीने एकदा माथेरानला जाऊन आलेली, मराठी सहावी पास. एवढ्या शिदोरीवर त्या मुलीचं मत झालं होतं की जगात आता बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही. आज ती मला भेटली तर मी तिचा कान धरीन. पण आधी तिला काहीतरी खायला देईन, कारण तिचं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

समुद्र मात्र तिने पाहिला नव्हता. कर्जतहून समुद्र काही फार लांब नाही, पण आमच्याकडे कुणी समुद्र बघायला म्हणून जात नसे. आग बघायला म्हणून कुणी जातं का, तसंच.

आमचे हे भिवपुरीच्या वीजघरात इंजिनिअर. तिथे डोंगरावरून नळातून पाणी येतं आणि त्यावर वीज होते. कोळशावर वीज कशी करतात ते शिकायला ह्यांना सहा महिने ब्रायटनजवळ पोर्टस्लेड म्हणून गाव आहे तिथे पाठवायचं ठरलं. स्वातंत्र्य मिळून दुसरं वर्ष चालू होतं. सासूबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकटा जायचा नाही. लहानपणापासून याची छाती नाजूक. ही जाईल बरोबर. हिला दुसरं काही येत नसलं तरी खायला प्यायला कळतं."

मला ती स्तुती वाटली.

आमच्याकडे दूध घालायला ठकूबाई यायची, माझ्या माहेरचीच. तिला बातमी कळल्यावर ती ओटीवर टेकली आणि माझ्याकडे, गाय बाजाराला निघाली की बघतात तशी बघायला लागली.

"समिंदर म्हंजे आपल्या नदीवानी नाय गं, सूनबाय," ती म्हणाली. "नदीला पल्याडचा काठ असतो. त्याला नाय. ज्याला काठच नाय त्याला भूक किती आसंल, तूच इचार कर."

"तू कधी पाहिलास गं समुद्र?" मी विचारलं.

"मी कशाला बगू? मला काय येड लागलंय?"

### पेटी

आमच्याकडे नवी नवरी पहिल्यांदा नदी ओलांडते तेव्हा नदीला नारळ देतात. लग्न होऊन कडावहून निघाले तेव्हा वाटेतल्या नदीशी बैलगाडी थांबवली होती. हळदकुंकू लावलेला शेंडीचा नारळ मी पाण्यात सोडला, मगच बैल पाण्यात उतरले. पाणी आपल्याला ओळखत नसतं. एकदा हातात काही दिलं की ओळखतं, असं सासूबाई म्हणत. नदीला एवढा मान, तर समुद्राला किती.

म्हणून सासूबाईंनी माझी पेटी स्वतः भरली. मला हातसुद्धा लावू दिला नाही. वरच्या थरात लुगडी, लसणाची चटणी, मेतकूट, आणि सगळ्यांत वर एक नारळ. "हा समुद्राचा," त्या म्हणाल्या. "तिकडच्या काठाला लागलात की आधी हा द्यायचा, मग पाण्याला पाय लावायचा. तूही आणि त्यानेही. आणि खायचा नाही."

या शेवटच्या वाक्याचा मला फार राग आला. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात नैवेद्याच्या वाटीतलं खोबरं कमी झालं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या.

"आणि हे बघ. तळाशी तुझा लग्नाचा शालू आहे. काही अडचण आली तर शालू काढ."

शालू काढायची पाळी आणणारी अडचण कोणती, याचा मी बोटीत चढेपर्यंत विचार केला. शेवटी राणीने जेवायला बोलावलं तर, असं ठरवलं आणि निश्चिंत झाले.

### बोट

बोटीबद्दल एवढंच सांगते की अठरा दिवसांपैकी बारा दिवस मी आडवी होते. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. माझ्या खोलीत सुरतेच्या कांताबेन होत्या, मुलाकडे निघालेल्या. जेवणाला उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी, आणि उकडलेलं आणखी काहीतरी, ते काय हे विचारायचं धाडस दोघींनाही नव्हतं.

नवव्या दिवशी समुद्र निवांत झाला, मळमळ थांबली, आणि तिच्या जागी भूक आली. अशी भूक मला त्याआधी लागली नव्हती आणि बाळंतपणातही परत लागली नाही. कांताबेनच्या डब्यात गूळ होता. त्यांनी तो बाहेर काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "एकला गोळ शूं खावो?" नुसता गूळ काय खायचा.

मी पेटीकडे बघितलं.

लोखंडी दाराच्या उंबरठ्यावर तो एका फटक्यात फुटला. पाणी दोघींनी वाटून प्यायलं. खोबरं आणि गूळ, गूळ आणि खोबरं. करवंट्या आम्ही गोल खिडकीतून बाहेर टाकल्या. म्हणजे बघा, समुद्राचा नारळ मी समुद्राच्या पाठीवर बसून, समुद्राच्या देखत खाल्ला आणि उष्टी करवंटी त्याच्या तोंडावर फेकली. तिकडे पोचल्यावर दुसरा घेऊ, नारळाला काय तोटा, असं त्या एकवीस वर्षांच्या विदुषीने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा हलायला लागली आणि माझ्या बर्थखालून आवाज आला. धप्प. बोट डावीकडे कलली की धप्प. उजवीकडे कलली की धप्प. आदल्या दिवसापर्यंत हा आवाज नव्हता.

"कांताबेन, दार कोण वाजवतंय?"

"कोई नथी. इंजिन हशे."

इंजिन कसं असेल? आवाज अगदी माझ्या अंथरुणाखाली, बोटीच्या भिंतीपाशी होता. त्या भिंतीपलीकडे कोण आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तो त्याचा नारळ मागत होता.

### पोर्टस्लेड

पोर्टस्लेडला समुद्राला लागून एक लांब कालवा आहे, त्याच्या काठाला वीजघराची धुरांडी, कोळशाच्या बोटी, आणि हवेत कायम ओल्या राखेचा वास. आम्ही राहायचो मिसेस पिकेट यांच्याकडे, माडीवरच्या एका खोलीत. उंच, हाडकुळ्या, पन्नाशीच्या विधवा बाई. ओठ असे मिटलेले की टाचणी धरलीय असं वाटावं. मी त्यांना फार घाबरत असे.

तिकडची घरं एकमेकांना चिकटून एका रांगेत आणि सगळी सारखी. बाजारातून परत आले की आपलं घर कोणतं ते मला कळत नसे. मग मी पायपुसण्यावरून ओळखायला शिकले. मिसेस पिकेट यांचं पायपुसणं काथ्याचं, जाडजूड, अगदी आपल्याकडच्यासारखं. त्या गावात मला पाहून ओळख देणारी तेवढी एकच वस्तू होती.

पहिल्या दिवशी ह्यांनी आणि गाडीवाल्याने माझी पेटी माडीवर ओढली. तिसऱ्या पायरीवर आतून आवाज आला. धप्प.

मी भिंतीला धरून उभी राहिले. तो बोटीबाहेर राहिला नव्हता. घरापर्यंत आला होता.

"काय गं, चक्कर आली का?" ह्यांनी विचारलं.

"अहो, नाही. जिना उभा आहे."

सांगणार तरी काय? हे विज्ञान शिकलेले. शिवाय सांगायचं म्हटलं तर आधी नारळ कुठे गेला ते सांगावं लागलं असतं.

### ब्रायटन

पहिले तीन रविवार आम्ही हिंडलो. ते बरे गेले, म्हणून तेही सांगते.

पोर्टस्लेडहून ब्रायटनकडे जाताना वाटेत होव्ह लागतं. तिथे समुद्राकाठी मोठमोठी हिरवळ आणि रंगवलेल्या लाकडी खोपट्यांची रांग. आपल्याकडे शेतात राखणीचा माळा असतो तेवढीच ती खोपटी, पण राखायला काहीच नाही. माणसं त्यांत चहा करून पितात. काठावर कापडी खुर्च्या मांडून म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या असतात, अंगावर पांघरूण, तोंड पाण्याकडे. कर्जतला माणूस ओटीवर बसतो तो रस्त्याकडे तोंड करून. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय आहे, हे बघायला. हे लोक माणसांकडे पाठ फिरवून तासन्‌तास पाण्याकडे बघतात आणि एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत. मला वाटे, हेसुद्धा त्याला घाबरूनच बसले असतील.

ब्रायटनमध्ये काठाकाठाने एक छोटी विजेची गाडी जाते. ती पाहून मला इतकं माथेरान आठवलं की डोळ्यांत पाणी आलं. पण माथेरानच्या गाडीत माणसं ओरडतात, गातात, उतरून पायी चालून परत चढतात. इथे सगळे हातात टोपी धरून गप्प. गावाच्या मध्यभागी घुमटाघुमटांचा एक महाल आहे, कुण्या राजाने हिंदुस्थान न बघता हिंदुस्थानासारखा बांधलेला. तो दिसल्यावर मी सवयीने चप्पल काढली होती. ह्यांनी घाईघाईने घालायला लावली.

खाण्याचं म्हणाल तर लढाई संपून चार वर्षं झाली तरी तिकडे साखर, लोणी, चहा, सगळं रेशनवर. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्याऐवजी थोडं चीज मिळे. बटाट्याचे लांब तुकडे तळून कागदात बांधून देतात, ते माणसं रस्त्याने चालता चालता खातात. मी लसणाची चटणी बरोबर नेत असे. एकदा वाऱ्याने ती शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत गेली. त्यांनीच आमची माफी मागितली. अशी माणसं.

आणि समुद्र. ब्रायटनला वाळू नाही, सगळे गोटे. उन्हाळ्यात नदीचं पात्र उघडं पडतं तसे, पण डोंगरभर. लाट येते तेव्हा फारसा आवाज नाही. परत जाते तेव्हा हजारो गोटे खाली ओढत नेते आणि भातात खडा लागावा तसा आवाज होतो, पण एक खडा नाही, सगळा भातच खड्यांचा. पाणी राखाडी. ठकूबाई खरं बोलली होती. पलीकडे काही नव्हतं.

"ये गं, पाय भिजव," तिसऱ्या रविवारी पाटलोण दुमडून खाली उतरत हे म्हणाले.

"नको."

"अगं, एवढ्या लांब आलीस ती काय रस्ता बघायला?"

"अहो, तुम्हीही नका ना जाऊ. आधी मला…" एवढंच तोंडातून निघालं. हे गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले, हसत. नारळ दिलेला नव्हता. एक मोठी लाट आली आणि ह्यांना कमरेपर्यंत भिजवून गेली.

परतताना पाऊस लागला, वारा सुटला. पोर्टस्लेडला पोचेपर्यंत ह्यांचे ओठ निळे पडले होते. दुसऱ्या दिवशी ताप, पाचव्या दिवशी इस्पितळ.

### रविवार

तिकडे इस्पितळात कधीही जाऊन उशाशी बसता येत नाही. बुधवार आणि रविवार, दुपारी दोन ते चार. आपल्याकडे माणूस आजारी पडला की निम्मं घर त्याच्या खाटेभोवती असतं, ते त्याला बरं करायला की छळायला, हा प्रश्न वेगळा. पण तिथे दाराबाहेर उभं राहून घंटा वाजायची वाट बघताना मला वाटलं, हे माझ्या ताब्यातून गेले.

हे पांढऱ्या चादरीत डोळे मिटून पडले होते. श्वास घेताना कळ येत होती, ती तोंडावर दिसत होती. मी "अहो" म्हटलं तर डोळे उघडले, पण माझ्यापर्यंत पोचले नाहीत.

डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलत होते. मला शब्दाला शब्द जोडून अर्थ लावावा लागे. ताप अजून उतरत नाही. बुधवारपर्यंत बघू. "छातीत पाणी झालं आहे," ते म्हणाले, आणि मला समजावं म्हणून स्वतःच्या बरगडीवर हात ठेवून दाखवला.

मला पूर्ण समजलं. डॉक्टरांना वाटलं त्यापेक्षा जास्त समजलं. ते पाणी कुठून आलं, हे त्या इमारतीत मला एकटीलाच ठाऊक होतं.

घरी आले तेव्हा मिसेस पिकेट यांनी चहा पुढे ठेवला. माझं तोंड बघून त्यांना काहीतरी धीर द्यावासा वाटला असावा. त्या म्हणाल्या, "काळजी करू नकोस, डिअर. आधीच्या लढाईत त्या घुमटांच्या महालात तुमच्याच शिपायांचं इस्पितळ होतं. त्यांची फार काळजी घेतली. जे गेले त्यांना वर टेकडीवर नेऊन तुमच्या पद्धतीने जाळलं. जागा अजून आहे. फार सुंदर आहे."

कपातला चहा बशीत सांडला. त्यांनी बशी बदलली.

खोलीत गेल्यावर शालू आठवला. अडचण आली तर काढ, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी पेटीचं झाकण उघडलं, तळाशी हात घातला, जरीचा काठ बोटांना लागला, आणि हात मागे घेतला. हे तिथे असे पडलेले असताना लग्नाचा शालू मला बघवेना. झाकण लावताना पेटी जराशी हलली. धप्प.

### सोमवार

नारळ पाहिजे होता. बाकी काही सुचत नव्हतं.

ह्यांचा ओव्हरकोट लुगड्यावर चढवून मी पोर्टस्लेड, होव्ह आणि ब्रायटनची भाजीची दुकानं पालथी घातली. 'कोकोनट' हा शब्द मला येत होता. दुकानदारांना तो ऐकून हसू येत होतं. लढाईपासून बघितला नाही, म्हणाले. एकाने किसलेल्या खोबऱ्याचं पाकीट दाखवलं. समुद्राला किसलेलं खोबरं कसं देणार? मी काही इतकी वेडी नव्हते. जवळजवळ होते, पण इतकी नव्हते.

दुपारी ब्रायटनच्या एका मैदानावर जत्रा लागलेली दिसली. पाळणे, बाजा, रंगीत तंबू. मी रडवेली होऊन त्यातून वाट काढत चालले होते, आणि समोर नारळ दिसले. पाच खांब, प्रत्येक खांबावर वाटीत बसवलेला एकेक खराखुरा नारळ.

मी पैसे पुढे केले आणि नारळाकडे बोट दाखवलं. तंबूवाला मान हलवत हसला आणि माझ्या हातात तीन लाकडी चेंडू ठेवले. विकत मिळत नाही. लांबून मारून पाडायचा, पडला तर तुझा.

आता एक गोष्ट सांगते, जी तोपर्यंत कर्जतला कुणाला ठाऊक नव्हती. कडावला आमच्या शेजाऱ्यांचा रायवळ आंबा होता आणि त्याच्या कैऱ्या मी अकरा वर्षांची असल्यापासून दगडाने पाडत असे. एका दगडात एक, देठाशी. लग्न झाल्यापासून चार वर्षांत मी हात खांद्याच्या वर उचलला नव्हता.

ओव्हरकोट काढला, पदर खोचला. पहिला चेंडू तंबूच्या कापडाला लागला. दुसरा नारळाला चाटून गेला, नारळ डुगडुगला आणि बसला. मागे माणसं जमली. तिसरा चेंडू मी पदराला पुसून घेतला. मग मी समुद्र विसरायचा प्रयत्न केला आणि त्या खांबावर शेजारच्या काकूंच्या आंब्याची फांदी बघितली.

नारळ खाली पडला. मागे टाळ्या वाजल्या.

"क्रिकेट?" तंबूवाल्याने विचारलं.

"मँगो," मी म्हटलं, नारळ उचलला आणि ओव्हरकोट विसरून पळाले. तो त्याने मागे धावून आणून दिला.

तशीच काठावर गेले. हळदकुंकू पुडीत होतं, ते लावलं, डोळे मिटले, जोर करून फेकला. डोळे उघडले तर तो लाटेवर बसून परत येत होता. गोट्यांवर घरंगळत थेट माझ्या पायाशी. पुन्हा फेकला. या खेपेला तो जरा आडवा गेला, आणि कुत्रं फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ बूट भिजवून पाण्यात उतरले, तो काढून घेऊन आले, टोपी उचलून म्हणाले, "मॅडम, तुमचा नारळ."

आणि मी, मिसेस पिकेट यांनी इतकी रीतभात शिकवल्यावर, म्हटलं, "थँक्यू."

नारळ छातीशी धरून मी त्या गोट्यांवर बसले. दोनदा दिला, दोनदा परत केला. खाल्लेल्याच्या बदल्यात हा त्याला नको होता. त्याला काय हवं होतं ते इस्पितळात होतं.

### मंगळवार

सकाळी नारळ हातात धरून बघत बसले आणि मग डोक्यात उजेड पडला. याला शेंडी नव्हती. तासून गुळगुळीत केलेला, बोडका नारळ. असा नारळ आपल्याकडे देवापुढे कुणी ठेवत नाही. समुद्राने परत केला त्यात नवल काय?

शेंडी आणायची कुठून? नारळाचा काथ्या त्या गावात एकाच ठिकाणी होता.

मिसेस पिकेट यांनी दार उघडलं तेव्हा मी त्यांच्या उंबरठ्यावर गुडघे टेकून पायपुसण्याच्या कोपऱ्यातून दोरे उपटत होते. बरेच उपटून झाले होते.

"डिअर," त्या म्हणाल्या, "माझ्या पायपुसण्याने तुझं काय वाकडं केलंय?"

मला समजायचं बरंच, पण बोलायला तीसेकच इंग्रजी शब्द येत होते, आणि त्या क्षणी त्यांतले चार उरले. "कोकोनट," मी म्हटलं. "हेअर. सी. हजबंड."

त्या माझ्याकडे, मग नारळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिल्या. आत निघून गेल्या. आता सामान रस्त्यावर येणार, असं मला वाटलं. त्या कात्री घेऊन आल्या, खाली वाकल्या आणि त्या कोपऱ्याचा चांगला मूठभर काथ्या एका कापात काढून माझ्या हातावर ठेवला.

"तू किनाऱ्यावरून टाकला असशील," त्या म्हणाल्या. "किनाऱ्यावरून तो सगळं परत आणतो. पिअरच्या टोकावरून टाकायला हवा, पाणी उतरत असताना. उद्या सकाळी."

### बुधवार

पिअर म्हणजे समुद्रात लांबवर गेलेला लोखंडी खांबांवरचा लाकडी धक्का. वर दुकानं, खेळ, संगीत. सकाळी तिथे कुणी नव्हतं. पायाखालच्या फळ्यांत फटी होत्या आणि फटींतून खाली तो दिसत होता, हलत होता. मी पाऊल टाकीन तर शपथ. मिसेस पिकेट यांनी माझा दंड धरला. तेव्हा मला दिसलं की त्याही फटी टाळूनच पाऊल टाकतायत.

"लढाईत माझा नवरा सुरुंग काढायच्या बोटीवर होता," त्या समोर बघत म्हणाल्या. "त्यानंतर मी इथे आले नव्हते."

दोघी एकमेकींना धरून टोकापर्यंत गेलो. काथ्याची शेंडी बांधलेला, हळदकुंकवाचा नारळ मी बाहेर काढला. त्यांनी हात पुढे करून त्यावर दोन बोटं टेकवली. देवळात आपण लहान मुलाचा हात नैवेद्याला लावतो, तसा.

"मी त्याला कधी काही दिलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याने न विचारताच घेतलं."

मी नारळ सोडला. खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. शेंडी वर करून तो जरा वेळ तरंगला, मग पाण्याबरोबर बाहेर निघाला, आणि आम्ही दोघी कठडा धरून तो ठिपका होईपर्यंत बघत राहिलो. मग मी वाकून नमस्कार केला. मिसेस पिकेट यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, वारा फार आहे.

दुपारी दोनला इस्पितळाची घंटा झाली. मी दारातून आत बघितलं. हे उशीला टेकून बसले होते.

"हे लोक चहा म्हणून काय देतात, तू एकदा चाखून बघच," हे म्हणाले. आवाज बारीक होता, पण कुरकुर नेहमीची होती. इतकी सुंदर कुरकुर मी पुन्हा ऐकली नाही. सकाळी सुईने छातीतलं पाणी काढलं, ताप उतरला, असं नर्सने सांगितलं. किती वाजता, हे मी मुद्दाम विचारलं. अकरा. आम्ही पिअरवर साधारण तेव्हाच होतो.

पेनिसिलिनच्या सुया शुक्रवारपासून चालू होत्या, हे मला नंतर कळलं. मी पेनिसिलिनशी भांडायला जात नाही. त्याने त्याचं काम केलं, मी माझं.

### कर्जत

इथे ही हकीकत संपायला हवी होती. पण हे इस्पितळातून सुटून आल्यावर खोली झाडताना मी पेटी सरकवली, आणि आतून आवाज आला. धप्प.

म्हणजे अजून काही राहिलं होतं. पुढचे तीन महिने मी ती पेटी हलवली नाही, तिच्या भोवतीनेच झाडलं. निघताना मिसेस पिकेट यांनी दारात पायपुसण्याचा टक्कल पडलेला कोपरा बुटाने दाखवला आणि म्हणाल्या की हे बदलणार नाही. परतीची बोट हलली तशी अठरा दिवस धप्प, धप्प. ह्यांना रोज गरम कपडे घालायला लावून मी जवळ बसून राहिले, डेकवर जाऊ दिलं नाही.

घरी पोचलो. दोन दिवस माणसं येत होती, राजवाड्यांची चौकशी करत होती. तिसऱ्या दिवशी हे भिवपुरीला गेले आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले.

"सासूबाई, समुद्राचा नारळ मी खाल्ला."

"हं," त्या म्हणाल्या. खडा काढून बाजूला ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. ताप, छातीतलं पाणी, जत्रा, पायपुसणं, पिअर. ह्यांच्या आजाराचं पत्रात फक्त 'सर्दी' असं लिहिलं होतं. त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि एवढी अडचण आली तेव्हा शालू का नाही काढलास?"

"बघवेना मला तो."

"आण इकडे."

मी पेटी ओढली. धप्प. सासूबाईंनी शालूचं बोचकं बाहेर काढलं, जमिनीवर ठेवलं, उलगडलं. घडीवर घडी, आणि मधून एक नारळ घरंगळत माझ्या गुडघ्याशी आला. आतलं पाणी आटून खुळखुळत होता. शेंडी जागच्या जागी, हळदकुंकू अजून लागलेलं. वरचा नारळ मी काढल्यावर पेटीत जागा झाली होती आणि हा बोचक्यासकट तेव्हापासून लोळत होता. विलायतेपर्यंत आणि परत.

"एक तुझ्या पोटासाठी, एक समुद्रासाठी," सासूबाई म्हणाल्या. "तू एक खाणार हे मला ठाऊकच होतं."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं तर तू दोन्ही खाल्ले असतेस."

मी हसायला लागले ते मला थांबवता येईना, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. सासूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच.

संध्याकाळच्या आत आम्ही दोघी उल्हासच्या काठावर गेलो. ही नदी शेवटी समुद्रालाच मिळते, त्याचं त्याला पोचेल, असं त्या म्हणाल्या. मी नारळ सोडला. तो भोवऱ्यात एकदा फिरला, धारेला लागला आणि निघाला. पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता, तिथे कुणाच्या म्हशी होत्या. तरीसुद्धा तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी जागची हलले नाही. परत येतो की काय, ही भीती मला वाटत होती, आणि खरं सांगायचं तर कुठलंही मोठं पाणी दिसलं की अजून वाटते.

सासूबाई घराकडे चालू लागल्या होत्या. मागे वळून म्हणाल्या, "चल आता. भूक लागली असेल तुला."

लागली होती.